मेटल बँडचा लाइव्ह अल्बम नीट ऐकायचा कसा

मेटल ऐकणाऱ्यातले बरेच जण लाइव्ह अल्बमच्या वाटेला जात नाहीत, गेले तरी दोन गाणी ऐकून "स्टुडिओवालंच भारी होतं" म्हणत बंद करतात. कारण काय तर मध्येच लोकांचा आरडाओरडा, गायक अर्धी ओळ खाऊन टाकतो, गिटार तेवढी गुळगुळीत वाजत नाही. हे सगळं खरंय, पण याच गोष्टींसाठी तर तो ऐकायचा असतो! त्यात एक अख्खा शो असतो, त्याला सुरुवात असते, मध्ये दमछाक असते, लोकांना हातात घेणं असतं, शेवटी सगळं सोडून देऊन वाजवणं असतं, आणि हे सगळं सलग ऐकलं तरच कळतं. माझं याबाबतीत ठाम मत आहे आणि खाली जे काय सांगतोय ते सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

उदाहरणाला आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा 'लाइव्ह आफ्टर डेथ' घेतो. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये आला, हेवी मेटलमधल्या लाइव्ह अल्बमचं नाव काढलं की पहिल्या दोन-तीनात हा असतोच, आणि शिकायला याच्याइतका सोयीचा दुसरा नाही, का ते पुढे येईलच. तुमचा आवडता बँड दुसरा असेल तर तोही चालेल, पद्धत तीच.

पहिली गोष्ट म्हणजे बँड अगदीच अनोळखी असेल तर थेट लाइव्हवर उडी मारू नका. पाच-सहा गाणी तरी स्टुडिओत कशी आहेत ते कानात बसलेलं पाहिजे, नाहीतर काय बदललंय तेच कळणार नाही आणि सगळा खेळ तिथेच संपतो. मेडनसाठी १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' आणि १९८४ चा 'पॉवरस्लेव्ह' हे दोन ऐकले तरी पुरे, कारण हा लाइव्ह अल्बम पॉवरस्लेव्हच्याच टूरवरचा आहे, त्यातली चार गाणी यात आहेत.

मग कॉपी कुठली आहे ते बघा, हे कोणी बघत नाही आणि इथेच निम्मे लोक अर्धवट अल्बम ऐकतात. लाइव्ह आफ्टर डेथ मूळचा डबल एलपी, म्हणजे दोन मोठ्या तबकड्या, चार बाजू, साधारण १०० मिनिटांचा. त्या काळच्या सीडीवर ७४ मिनिटंच मावायची म्हणून पहिल्या सीडीतून एलपीची चौथी बाजू पूर्णच उडवली गेली, म्हणजे पाच गाणी गायब. १९९८ मध्ये दोन सीडींवर परत काढला तेव्हा ती पाच गाणी परत आली. आता ऑनलाइन बहुतेक पूर्णच मिळतो, पण जुनी सीडी किंवा त्यावरून कोणीतरी कधीकाळी रिप केलेल्या फाइल्स असतील तर गाणी मोजून घ्या. सुरुवातीला येणारं चर्चिलचं भाषण सोडून कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या शोची १२ आणि लंडनच्या हॅमरस्मिथची ५ असली पाहिजेत. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इतर लाइव्ह अल्बमचंही असंच होऊन बसलंय, कुठे गाणं कापलंय कुठे उलट नंतरच्या आवृत्तीत जास्तीची गाणी घुसडलीत, म्हणून मूळ एलपीची यादी एकदा शोधून बघायची सवय लावा. जास्तीची गाणी वाईट असतात असं नाही, पण शेवटचं गाणं वाजून, लोक ओरडून, शो संपल्यावर अचानक दुसऱ्याच शहरातलं गाणं सुरू झालं तर सगळा मूड जातो, ती वेगळी ऐका.

आता ॲपमधली सेटिंग्ज, दोन मिनिटांचं काम आहे पण फरक जमीन-अस्मानाचा. शफल बंद, हे सांगायलाच नको. क्रॉसफेड शून्यावर आणा, कारण क्रॉसफेड चालू असला की एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो आणि गायक मध्ये जे बोलतो ते चेपलं जातं. गॅपलेस प्लेबॅक, म्हणजे दोन गाण्यांत फट न पाडता वाजवणं, चालू पाहिजे. आवाज आपोआप सारखा करणारं जे नॉर्मलायझेशन असतं ते पण या अल्बमपुरतं बंद करून टाका, शांत भाग शांतच राहू दे. आणि जुन्या एमपीथ्री असतील तर दोन गाण्यांच्या मध्ये क्षणभर आवाज तुटल्यासारखा वाटतो, ते रेकॉर्डिंग खराब म्हणून नाही, एमपीथ्री बनवताना फाइलच्या पुढेमागे थोडी शांतता चिकटते आणि सगळेच प्लेयर ती काढून टाकत नाहीत. स्टुडिओ अल्बममध्ये ते जाणवतही नाही, लाइव्हमध्ये मात्र गर्दीचा आवाज प्रत्येक गाण्यानंतर टपकन बंद पडून परत सुरू होतो आणि कान दर पाच मिनिटांनी जागेवर येतो. फ्लॅक फाइल्सना, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवलेल्या फाइल्सना, हा त्रास नाही.

पहिल्यांदा ऐकताना काहीही करू नका, म्हणजे मोबाईल बाजूला, हातात कव्हर असेल तर ते बघत बसा आणि अख्खा अल्बम एका बैठकीत ऐका. स्पीकरवर ऐकता आला तर उत्तम, छातीत बास जाणवला पाहिजे. हेडफोन दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. आवाज मोठा असावा हे मान्य, मेटल हळू आवाजात ऐकण्यात मजा नाही, पण हिशोब डोक्यात असू द्या: कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी जी मर्यादा अमेरिकेत सुचवली जाते ती ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. १०० मिनिटांचा अल्बम १०० डेसिबलला ऐकलात तर कानाची वाट लागेल. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता, पुढच्या वेळी कमी करा.

या पहिल्या फेरीत एकच गोष्ट पकडायची, शो चढतो कसा आणि उतरतो कसा. लाइव्ह आफ्टर डेथ चर्चिलच्या १९४० च्या भाषणाने सुरू होतो, लोक आधीच ओरडतायत, भाषण संपतं न संपतं तोच बँड सुसाट सुटतो. दिसायला साधी युक्ती आहे, पण बघा काय होतं, भाषणामुळे तुमचं लक्ष एका माणसाच्या आवाजावर एकवटतं आणि मग पाच जण एकदम आदळतात. पहिली तीन गाणी जवळजवळ श्वास न घेता जातात, मग जरा वेग उतरतो. आणि मध्यावर 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' येतं, १३ मिनिटांच्या वरचं. हे गाणं तिथेच का ठेवलं असेल ते ऐकता ऐकता कळतं, सुरुवातीची वाफ निवलेली असते, लोक आता कुठे जात नाहीत, तेव्हाच लांबलचक गोष्ट सांगता येते. याच्या मधल्या भागात जवळजवळ सगळी वाद्यं गप्प होतात, बास गिटार हळू हळू वाजत राहते आणि शब्द गाण्याऐवजी बोलले जातात, तेवढा भाग कान देऊन ऐका, हजारो लोकांचा हॉल किती मोठा आहे ते इथे कळतं. शिट्ट्या लांबून येतात, कोणीतरी एकटाच ओरडतो, आणि मग परत रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी धून, सुरू होतो तेव्हा अंगावर काटा येतो, मला तरी दर वेळी येतो.

दुसरी फेरी हेडफोनवर, आणि आता एक एक माणूस पकडायचा. सगळं एकदम पकडायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. ड्रमरपासून सुरू करा, कारण लाइव्ह मेटलमध्ये गाडी तोच हाकतो. त्या काळात स्टेजवर कानात ठोके देणारा क्लिक ट्रॅक लावून वाजवायची पद्धत सर्रास नव्हती, त्यामुळे वेग माणसाच्या अंगातल्या जोशावर ठरायचा आणि बहुतेक वेळा स्टुडिओपेक्षा वाढायचा. मोजायचा असेल तर सोपंय, गाणं लावा, १५ सेकंदात किती ठोके पडतात ते बोटाने मोजा, चारने गुणा. तेच गाणं स्टुडिओचं लावून परत मोजा. पाच-दहाचा फरक तर सहज निघतो, आणि गंमत म्हणजे ऐकताना तो वेग म्हणून जाणवत नाही, घाई म्हणून नाही तर ताकद म्हणून जाणवतो.

मेडनच्या बाबतीत अजून एक फायदा आहे. 'हॅलोड बी दाय नेम' स्टुडिओत १९८२ ला क्लाइव्ह बरने वाजवलंय आणि या लाइव्हवर निको मॅकब्रेनने, म्हणजे गाणं एक, ड्रमर दोन. बरचा ठोका जरा मोकळा, पुढे ढकलणारा, निकोचे हात जास्त भरगच्च, सिंबल जास्त, आणि पाय तर विचारूच नका, एकाच पायाने बास ड्रमवर ते सगळं करतो, डबल पेडल नाही. दोन्ही लागोपाठ ऐका, कोण आवडतो ते तुमचं तुम्ही ठरवा, पण फरक एकदा ऐकू आला की तुम्ही ड्रम ऐकायला शिकलात म्हणून समजा.

मग बास. स्टीव्ह हॅरिस बोटांनी वाजवतो, पिक म्हणजे तार छेडायची पट्टी वापरत नाही, आणि त्याची ती घोड्याच्या टापांसारखी चाल, एक लांब दोन तोकडे एक लांब दोन तोकडे, 'द ट्रूपर'मध्ये सगळ्यात स्वच्छ ऐकू येते. तारांचा धातूचा खणखण आवाज पण मिक्समध्ये, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र जुळवताना, वर ठेवलाय. दोन मिनिटं फक्त तेवढंच ऐका, बाकी सगळं जणू नाहीच असं धरून.

गिटार दोन आहेत, डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ. सोलोच्या वेळी एकाचा आवाज गोल, वाहता आणि दुसऱ्याचा जास्त तुटक, विचार करून वाजवल्यासारखा. नावं आधी बघू नका, आधी ओळखायचा प्रयत्न करा, मग ताडून बघा. आणि दोघं मिळून सूर लावून एकच धून वाजवतात तिथे स्टुडिओत असते तशी रेशमासारखी जुळणी नसते, जराशी खरखर राहते, ती दोन वेगळ्या माणसांची खूण आहे.

गायकाकडे बघताना मात्र जरा दयाबुद्धी ठेवा. ही टूर १९८४ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधून सुरू झाली, हॅमरस्मिथ ओडियन लंडनचं रेकॉर्डिंग त्याच ऑक्टोबरमधलं, आणि लाँग बीच कॅलिफोर्नियाचं १९८५ च्या मार्चमधलं, मध्ये पाच महिने टूर चालूच. म्हणून चौथ्या बाजूची पाच गाणी आधी ऐका आणि मग परत पहिल्या बाजूवर या, ब्रूस डिकिन्सनच्या आवाजात काय फरक पडलाय ते शोधा. उंच सूर कुठे थेट घेतो, कुठे ओळीचं शेवटचं टोक खाली वळवतो, कुठे माइक लोकांकडे करून श्वास भरून घेतो. हे फसवणं नव्हे, इतके महिने गळा टिकवायची ती कला आहे. शिवाय चौथ्या बाजूवर 'रॅथचाइल्ड' आणि 'फँटम ऑफ द ऑपेरा' आहेत, ती मुळात पॉल डि'आनो गायचा, ब्रूस १९८१ मध्ये आला. जुन्या गायकाची गाणी नवा गायक कशी आपलीशी करतो हे ऐकायला लाइव्ह अल्बमइतकी चांगली जागा नाही.

लोकांचा आवाज हे पाचवं नाही तर सहावं वाद्य समजून ऐका. लाँग बीचच्या शेवटच्या 'रनिंग फ्री'मध्ये गाणं मध्येच थांबवून ब्रूस बराच वेळ लोकांकडून गाऊन घेतो, "स्क्रीम फॉर मी, लाँग बीच" तर आता मेटलवाल्यांच्या तोंडचं वाक्य झालंय. घरी बसून हा भाग लांबला असं वाटू शकतं, पुढे ढकलू नका. थोडं गाणं आणि बरंच वाट बघणं, मग बँड परत शिरतो, त्या शिरण्याला जी किंमत येते ती त्या वाट बघण्यामुळेच.

अजून एक गोष्ट शोधायला मजा येते, गाण्याचा शेवट. स्टुडिओत बरीच गाणी हळूहळू आवाज कमी करत संपवतात. स्टेजवर तसं करता येत नाही, कुठेतरी थांबावं लागतं, मग बँडला नवा शेवट बनवावा लागतो. कोणी सगळे मिळून एक लांबच लांब सूर धरून ड्रम बडवत संपवतं, कोणी धाडकन तोडतं, कोणी थेट पुढच्या गाण्यात घुसतं. तुमच्या आवडत्या बँडचं आवाज कमी होत जाणारं एखादं गाणं निवडा आणि लाइव्हमध्ये त्याचं काय केलंय ते बघा.

आता ओव्हरडबचा विषय, ज्यावरून भांडणं होतात. म्हणजे शोनंतर स्टुडिओत बसून चुकलेला भाग परत वाजवून वर चिकटवणं. जुडास प्रीस्टचा 'अनलीश्ड इन द ईस्ट' १९७९ चा, टोकियोत रेकॉर्ड केलेला, त्याला लोकांनी 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' असं नाव पाडलं, आणि गायन नंतर स्टुडिओत परत केल्याचं रॉब हॅलफर्डने स्वतः सांगितलंय. किसच्या १९७५ च्या 'अलाइव्ह'वर पण बरंच काम नंतर झालंय, आणि त्याआधीचे तीन अल्बम जेमतेम चाललेल्या बँडला त्याच अल्बमने वर काढलं. ओळखायचं कसं? गायक एकच असताना त्याचा आवाज दोन पदरी ऐकू आला तर संशय घ्या. गायनाच्या मागे ड्रमचा, हॉलचा आवाज पाझरत असतो, एखाद्या ओळीपुरताच तो गायब झाला तर तिथे काहीतरी झालंय. गायक बोलतो तेव्हाचा घुमारा आणि गातो तेव्हाचा घुमारा वेगळा वाटतो का बघा. टाळ्या अचानक सुरू होऊन अचानक बंद होत असतील, किंवा तीच एक शिट्टी परत परत येत असेल तर त्या वरून टाकलेल्या आहेत. हे सगळं ओळखता आलं पाहिजे, पण त्यावरून अल्बम फेकून देऊ नका. अनलीश्ड इन द ईस्टवर केके डाउनिंग आणि ग्लेन टिप्टनच्या गिटार जो जाळ काढतात त्यापुढे गायन कुठल्या खोलीत झालं हा प्रश्न माझ्यासाठी तरी दुय्यम आहे. ज्यात सुधारणा करता करता घामच पुसून टाकलाय तो अल्बम मात्र वाईट, मग त्यावर एकही सूर नंतरचा नसला तरी.

मिक्सवरून तर बँड फुटलेत. ब्लॅक सॅबथचा 'लाइव्ह ईव्हिल' १९८२ च्या शोंचा, त्याच्या मिक्सिंगच्या वेळी कोणाचा आवाज वर कोणाचा खाली यावरून आरोप झाले आणि रॉनी जेम्स डिओ आणि विनी अपीस बाहेर पडले. ऐकताना हे डोक्यात ठेवा, कोण किती मोठा ऐकू येतो हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं.

म्हणूनच कव्हरवरची बारीक अक्षरं वाचा. कुठे, कधी, एका रात्रीचं की अनेक रात्रींतून निवडलेलं, प्रोड्यूसर कोण. नावावर जाऊ नका, मोटरहेडचा 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ' १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि हॅमरस्मिथला त्यातलं एकही गाणं रेकॉर्ड झालेलं नाही, बहुतेक सगळं लीड्स आणि न्यूकॅसलचं आहे. नावं वाचली की धागे पण सापडतात. लाइव्ह आफ्टर डेथचा प्रोड्यूसर मार्टिन बर्च, आणि १९७२ मध्ये डीप पर्पलचा 'मेड इन जपान' ओसाका आणि टोकियोच्या तीन रात्रींतून रेकॉर्ड करणारा इंजिनियर पण तोच. दोन्ही लागोपाठ ऐका, प्रत्येक वाद्याला मोकळी जागा आणि तरी हॉलची हवा शिल्लक, हा त्याचा हात दोन्हीकडे ओळखू येतो.

व्हिडिओ सगळ्यात शेवटी. लाइव्ह आफ्टर डेथचा व्हिडिओ आहे, लाँग बीचचाच, २००८ मध्ये डीव्हीडीवर पण आला, ते इजिप्तच्या थाटाचं स्टेज वगैरे बघायला भारीच आहे. पण आधी बघितलात तर डोळे कानाचं काम काढून घेतात, मग बास कोण ऐकणार.

पुढे काय ऐकायचं तर माझा क्रम असा. आधी मोटरहेडचा तो वरचा, तीनच माणसं, ४० मिनिटांच्या आसपास, कुठे थांबणं नाही. मग मेडनचाच 'रॉक इन रियो', १९ जानेवारी २००१ च्या एका रात्रीचा, तिथे तीन गिटार आहेत आणि गर्दी गिटारच्या धुनी सुद्धा गाते. मग मेटालिकाचा १९९३ चा मेक्सिको सिटीवाला बॉक्स सेट, तीन तासांचा आहे, तो मात्र भाग पाडून ऐकलात तरी चालेल. आणि मग स्लेयरचा १९९१ चा 'डिकेड ऑफ ॲग्रेशन', यात दोन गिटार दोन कानांत पार वेगळ्या ठेवल्यात, हेडफोन लावून एकदा फक्त डावी बाजू ऐका, एकदा फक्त उजवी, आणि मग दोन्ही एकदम.